साळवे काकांची लेबलं

साळवे काकांचं अक्षर अजून आमच्या फ्रीझरमध्ये आहे. उणे ऐंशी अंशांवर, पुठ्ठ्याच्या पांढऱ्या खोक्यांत, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांवर. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, थोडं डावीकडं कललेलं, एकही आकडा दुसऱ्याला न चिकटलेला. आता त्या फ्रीझरची किल्ली माझ्याकडं असते. नवीन मुलं एखादी नळी हातात घेऊन विचारतात, "मॅडम, हे कुणी लिहिलंय?" मी म्हणते, "होते आमचे एक काका." पुढचं सांगायचं तर वेळ लागतो, आणि फ्रीझरचं दार उघडं ठेवून इतका वेळ बोललेलं काकांना चाललं नसतं.

"दार लावा, गार पळतंय." दिवसातून वीस वेळा तरी ते हे वाक्य म्हणत. विद्यार्थी असो, विभागप्रमुख असोत, एकदा तर तपासणीला आलेल्या समितीच्या अध्यक्षांनाही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं होतं. अध्यक्षांनी मुकाट्यानं दार लावलं.

काका आमच्या बायोकेमिस्ट्री विभागात टेक्निशियन होते. मी संशोधनाला आले तेव्हा त्यांची निवृत्ती चारेक वर्षांवर आली होती. गाव पैठणच्या अलीकडं, घर पुंडलिकनगरात, येणं-जाणं जुन्या स्कूटरवर. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. चौदा एप्रिलची रजा सोडली तर त्यांना रजा घेताना मी पाहिलं नाही. त्यांची जागा म्हणजे विभागाची आतली खोली. तिला खिडकी नव्हती. दोन फ्रीझर, एक टेबल, एक कुलूपबंद ड्रॉवर आणि एक स्टूल, बस. फ्रीझर पोटात गारठा साठवतात आणि पाठीनं गरम वाफा सोडतात, त्यामुळं ती खोली बाराही महिने तापलेली असायची. मला तिथं पाच मिनिटांत कोंडल्यासारखं व्हायचं. काका दिवसभर बसत. मी एकदा विचारलं, "काका, गुदमरत नाही का हो?" तर म्हणाले, "सवय हाय, ताई. दार आपल्याच हातानं लावलं की तेवढं वाटत नाय."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून शंभर लेबलं लिहून घेतली आणि सगळी कचऱ्यात टाकली. मी शाईच्या पेननं लिहिली होती. त्यांनी बोळ्यावर स्पिरिट घेऊन एका लेबलावरून फिरवला, माझा आकडा निळ्या डागात विरघळला. "आता ह्या नळीत कोण हाय, सांगा बरं." मग त्यांनी पेन्सिल दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी आजही मुलांना सांगते. एक, नळीतलं रक्त खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते लेबल, म्हणून लेबलावर इतबार ठेवता आला पाहिजे. दुसरी, चुकलं तर खोडायचं ते एकाच रेघेनं. गिरवायचं नाही, खरडायचं नाही, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी दोन सह्या. मी लासूर स्टेशनच्या आडत दुकानदाराची मुलगी, तोंडानं फटकळ. मनात म्हटलं, हे काका विद्यापीठाच्या कुलगुरूंपेक्षा जास्त नियम सांगतायत. पण पेन्सिल घेतली.

माझं काम पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरवर होतं. ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते, उतारवयात वाढते, आणि काहींच्या बाबतीत तिथं कॅन्सर होतो. रक्ताची एक नेहमीची चाचणी आहे, पण साध्या वाढीतही तिचा आकडा चढतो, त्यामुळं डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. म्हणून त्या चाचणीच्या जोडीला आणखी तीन प्रथिनं मोजली तर खरा आजार लवकर ओळखता येईल का, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी साठ रुग्णांचं रक्त हवं होतं आणि पन्नाशीपुढच्या चाळीस धडधाकट माणसांचं. रुग्णांच्या नळ्यांवर पी आणि नंबर, धडधाकटांच्या नळ्यांवर सी आणि नंबर. कोणता नंबर कोणत्या माणसाचा, ते फक्त काकांच्या रजिस्टरमध्ये. ते रजिस्टर कुलपात आणि किल्ली काकांच्या खिशात. मला नाव कळायचं नाही, माझे गाइड असलेल्या आमच्या सरांनाही नाही.

रुग्ण मिळाले, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. अडलं ते धडधाकट माणसांवर. आजाराचं नाव घेतलं की साठीचा बाप्या उठून जायचा. एक गुरुजी तर म्हणाले, "बाई, तुम्ही मुलीच्या जातीनं हे विचारू नये." शेवटी काकांनी सांगितलं, "तुमच्या गावाला चला. बाजाराच्या दिवशी."

लासूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या वडिलांच्या दुकानाच्या ओट्यावर काकांनी आइसबॉक्स ठेवला, सोबत दवाखान्यातली एक सिस्टर होती. हमाल, गाडीवान, दोन-चार शेतकरी लांबून बघत होते. काका भाषण वगैरे करत नसत. त्यांनी फक्त विचारलं, "इथं रातीतून तीनदा उठत नाय असा कोण मर्द हाय?" सगळे हसले. हसला तो फसला, एकेक करून बाह्या वर झाल्या. सगळ्यात आधी आमचे दादा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसले. दुकानदारानं दिलं म्हटल्यावर हमालांनीही दिलं. एका म्हाताऱ्या हमालानं मात्र सुई टोचायच्या आधी विचारलं, "आमच्या रक्तात काय निघालं तर सांगणार का आमाला?"

"नाय," काका म्हणाले. "संमतीच्या कागदावर लिवलंय तसं. हे शिकायचं रक्त हाय, तपासायचं नाय."

मला ते जरा निर्दय वाटलं. परतीच्या गाडीत, मांडीवर आइसबॉक्स घेऊन बसलेल्या काकांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते बाहेर बघत म्हणाले, "ताई, म्या एकदा सांगितलं होतं."

खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या संशोधनासाठी त्यांनी त्यांच्या गावच्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचं रक्त आणलं होतं. आकडा वर आला. काकांनी चहाच्या टपरीवर सहज बोलून टाकलं, तुमचा आकडा जरा जास्त दिसतोय. "त्यानं जेवण सोडलं. खाट धरली. बायको रोज माझ्या दारात. चार महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात नेलं, तर काहीच नाय. आमचंच रीडिंग चुकलेलं. रक्तातल्या पेशी नळीतच फुटलेल्या."

"मग बरे झाले ना ते?"

"आजारच नव्हता तर बरा कशातून व्हईल? भीती निघाली नाय त्याची. तशीच घेऊन गेला." काकांनी आइसबॉक्सचं झाकण दाबून पाहिलं. "तवापासून माझा नियम हाय. लॅबमधला आकडा लॅबमध्येच."

त्या उन्हाळ्यात एकदा दुपारी लाइट गेली ती परत येईना. जनरेटरनंही मान टाकली. फ्रीझरचा अलार्म ओरडायला लागला, माझी वर्षभराची मेहनत आत, आणि मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. काका स्कूटर घेऊन गेले. तासाभरानं आले ते पुढं बर्फाच्या लाद्या आणि मागं दोन गोधड्या बांधून. त्यांनी फ्रीझरला गोधड्या गुंडाळल्या, नवार बांधली, भोवती बर्फ लावला आणि स्टूल दाराला टेकवून वर स्वतः बसले, म्हणजे कुणी उघडायला नको. संध्याकाळी लाइट येईपर्यंत ते त्या अंधाऱ्या खोलीत तसेच बसून होते. मी बाहेरून विचारलं, "काका, पाणी देऊ?" आतून उत्तर आलं, "दार उघडू नका." एकही नळी खराब झाली नाही. गोधड्यांवर त्यांच्या बायकोनं घातलेले टाके होते, आणि त्या ओल्याचिंब घरी नेल्या म्हणून काकांनी बोलणी खाल्ली असणार.

एकोणचाळीस माणसं झाली. चाळिसावा शेवटच्या क्षणी नाही म्हणाला. तपासणीचं सामान येऊन पडलं होतं, त्याची मुदत संपत आली होती, आणि सरांनी चाळीसच पाहिजेत म्हणून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी माझ्यासमोर नळी ठेवली. सी-चाळीस. मी विचारलं, "कुठून मिळाला हो?" ते म्हणाले, "मिळाला एक. ओळखीतला हाय, धडधाकट हाय." त्या दिवशी ते चहा डाव्या हातानं पीत होते. हे मला तेव्हा दिसलं आणि तेव्हाच विसरायला झालं.

आमच्या तपासणीत प्लास्टिकच्या ताटल्या असतात, एकेकीला शहाण्णव खळगे. प्रथिन जितकं जास्त तितका खळग्यातला पिवळा रंग गडद होतो. रुग्णांचे खळगे हळदीसारखे आणि धडधाकटांचे जेमतेम पिवळसर, अगदी मला हवे तसे आले. आनंदानं मी ओरडणारच होते, तेवढ्यात शेवटच्या ताटलीत एक गडद खळगा दिसला. सी-चाळीस. तिन्ही प्रथिनं वर. मी तीनदा तपासणी केली, तिन्ही वेळा तेच.

तेव्हा माझ्या मनात थिसिस नव्हता. ओळखीतला, धडधाकट, हे शब्द डोक्यात होते. आमच्या दादांनी रक्त दिलं होतं, आणि चाळीस भरायला काकांनी त्यांनाच पुन्हा गाठलं असेल असं वाटून गेलं. मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. "काका, नियम मला माहीत आहे. एवढंच सांगा, सी-चाळीस म्हणजे आमचे दादा नाहीत ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी जे केलं नव्हतं ते त्यांनी माझ्यासाठी केलं. "नाय," म्हणाले. "दादा नायत. जावा, बिनघोर ऱ्हावा."

मी बिनघोर बाहेर आले. मग तो कोण, असं विचारायचं मला सुचलं नाही. माझ्यापुरता प्रश्न मिटला होता.

सरांसमोर बैठक झाली तेव्हा काका नेहमीप्रमाणे रजिस्टर मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसले होते. सरांनी आलेख पाहिला. खाली ठिपक्यांचा पुंजका आणि त्याच्या कितीतरी वर एकटा ठिपका. सर शांत माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "रुग्णाची नळी चुकून इकडं आली असणार. लेबलाची चूक. साळवे, दोन ओळी लिहून द्या, लेबल लावताना माझ्याकडून चूक झाली म्हणून. आपण हा ठिपका काढून टाकू."

"लेबल बरोबर हाय, सर."

"माणूस आहे, चूक होते. तुमच्या नोकरीला काही होणार नाही."

"लेबल बरोबर हाय."

सरांनी कागद पुढं सरकवला. काकांनी तो घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवला आणि सही केली नाही. कागदावर सही होईपर्यंत थिसिस पुढं जाणार नाही, असं सरांनी मला सांगितलं. मुदत जवळ आलेली, आणि तीन आठवडे सगळं ठप्प. काका रोज वेळेवर यायचे, आत जाऊन बसायचे, दार लावून घ्यायचे. डबासुद्धा आतच खायचे. मी रोज एक चक्कर मारायची. आधी विनवण्या केल्या, मग फुरंगटून बसले, आणि एक दिवस बोलून गेले, "काका, तुमच्या अक्षराच्या अभिमानापायी माझं वर्ष बुडतंय. एका सहीनं तुमचं काय जाणार आहे?"

काकांनी शर्टाच्या मनगटाचं बटण काढलं, परत लावलं. "सही केली तर तो माणूस धडधाकट ठरतो, ताई," ते म्हणाले. "आन् तो ठरावा आसं मलाबी लई वाटतं. पण लेबल बरोबर हाय."

मला त्यातलं काही कळलं नाही. कळून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतेच. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. त्याच माणसाचं दुसरं रक्त आणून माझ्यासमोर ठेवलं, नळी अजून कोमट होती. "हे लावून बघा. वेगळं आलं तर म्या सही करतो."

मी लावलं. काका त्या दिवशी आतल्या खोलीत गेले नाहीत, माझ्या पाठीशी उभे राहिले. रंग चढायला पंधरा मिनिटं लागतात. खळगा पुन्हा गडद पिवळा झाला.

आणि मी काय करावं? मी टाळी वाजवली. "काका, तुम्ही जिंकलात! लेबल बरोबर होतं. तोच माणूस, तोच आकडा. आता सर काय बोलतील!" मी पळत जाऊन चहा आणि खारी मागवली. काकांच्या हातात कप दिला. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण त्यांच्या कपाळावर नेहमीच घाम असायचा.

"म्या म्हणलं नव्हतं का," ते म्हणाले. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, मग आता त्या माणसाला सांगायचं का?"

मी खारी खात होते. मी म्हटलं, "कसं सांगणार? तुमचाच नियम ना, काका. लॅबमधला आकडा लॅबमध्येच."

"व्हय," काका म्हणाले. "नियम तर हाय." त्यांनी कप विसळला, पालथा घातला आणि आत जाऊन दार लावलं.

या एका वाक्याचा मला इतका त्रास झालाय की ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथं लिहितेय तेवढंच. मी वाईट हेतूनं बोलले नाही. गमतीत बोलले, आणि माझा बाप सुखरूप असलेल्या मुलीला गंमत सुचत होती. पण समोरच्या माणसानं दाराची कडी माझ्या हातात दिली होती, नुसती काढायची होती, आणि मी ती घालून टाकली.

सरांनी ठिपका ठेवायला परवानगी दिली, खाली एक टीप घालून. मी लिहायला बसले. काका निवृत्त झाले, निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेतलं, भाषण केलं नाही. फ्रीझरची आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या हाती देताना एकच सांगितलं, "गोधड्या लागल्या तर घरी या." पुढं चार महिने मी त्यांच्या घरी गेले नाही, फोनही केला नाही. थिसिसच्या नादात होते, हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

थिसिस द्यायला आठवडा राहिला असताना एका सकाळी काका विभागात आले. शर्ट तोच, पण गळ्याशी ढिला झालेला. चालताना भिंतीला हात लावत होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइल. मी म्हटलं, "काका, बसा ना." ते म्हणाले, "आधी फ्रीझर उघडा. सी-चाळीस काढा."

मी खोकं काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी फाइल माझ्यासमोर उघडली. कॅन्सर हॉस्पिटलचा कागद होता, तुकड्याच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा. वर नाव होतं साळवे. आजार हाडांपर्यंत गेल्याचं खाली लिहिलं होतं. एक दिवस लघवी अडली म्हणून मुलगा घेऊन गेला, मग सगळं बाहेर आलं, असं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मग मी तोवर कधीच न उघडलेला ड्रॉवर उघडायला लावून रजिस्टर काढलं आणि चाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं त्यांच्याच अक्षरात त्यांचंच नाव होतं.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला म्हणाले, तुमचाच नियम..."

"तुम्ही नवीन काय म्हणला नव्हता," ते म्हणाले. "म्या बी रोज सोताला तेच म्हणत व्हतो. त्या ड्रायव्हरला सांगून भ्या घातलं, आन् सोताला न सांगून..." वाक्य तसंच सोडून त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "जाऊ द्या. काम करा. नळी वितळंल."

रजिस्टरमधल्या सी-चाळीसवर त्यांनी एक रेघ मारली. सरळ, एकच. खालचं वाचता येत होतं. शेजारी लिहिलं पी-एकसष्ट आणि सही केली. मग नवीन लेबल लिहिलं. दर आकड्याआधी थांबून श्वास घेत होते. जुनं लेबल काढलं नाही, त्याच्याखाली नवीन चिकटवलं.

"तुम्ही सरांसमोर सारखं म्हणत होतात, लेबल बरोबर आहे," मी म्हटलं.

"लावलं तवा बरोबरच व्हतं, ताई. आता चुकलंय." त्यांनी रजिस्टर माझ्याकडं वळवलं. "करा सही. दोन लागतात."

मी त्यांच्या सहीशेजारी सही केली. खोकं उचललं, फ्रीझर उघडला आणि जागेवर ठेवलं. पण हात खोक्यावरून निघेना. पांढरी वाफ पायांवर उतरत होती, डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडत होतं, आणि मी तशीच उभी राहिले.

मागून त्यांचा आवाज आला, नेहमीचा, जरा थकलेला.

"दार लावा, ताई. गार पळतंय."